जुन्या रेल्वे डब्यात मुक्कामाची सोय करायची तर डबा आधी खालून बघा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "गुंजीच्या पुढे, लोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची दोन एकर लाल मातीची जमीन आहे. थोडी काजू-आंब्याची झाडं आहेत, राहतं घरही तिथंच आहे. गोव्याला आणि दांडेलीला जाणारे लोक मुक्कामाला जागा विचारत येतात. रेल्वेचा एखादा जुना डबा घेऊन त्यात चार खोल्या कराव्यात असं आम्हा दोघांच्या मनात आहे. डबा कुठून घ्यायचा, कसा निवडायचा, शेतात कसा आणायचा, आणि आमच्याकडच्या पावसात तो टिकेल का?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. माझी नोकरी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डब्यांच्या बॉडी दुरुस्तीत गेली, आणि निवृत्तीनंतर बाद डबे राहण्याजोगे करून द्यायची कामं मी घेतो. या सगळ्या काळात एक गोष्ट पक्की कळली ती ही की डबा खालून मरतो. रंग, खिडक्या, बाकं, पंखे हे लोकांच्या डोळ्यांत भरतं आणि पैसाही तिथंच ओतला जातो. पण डबा आणखी वीस-पंचवीस वर्षं उभा राहणार की थोड्याच पावसाळ्यांत बसणार, हे जमीन आणि फरशी यांच्यामधल्या तीन-चार फुटांत ठरतं.

धावता डबा पावसात भिजतो तसा वाऱ्यानं सुकतोही. शिवाय मेल-एक्स्प्रेसचा डबा साधारण दीड वर्षानं वर्कशॉपमध्ये येतो, उचलला जातो, खालून खरवडून, गंजलेला भाग कापून, नवा पत्रा जोडून, रंगवून परत जातो. हे सगळं तुमच्या शेतात बंद होणार आहे. गुंजी-लोंढ्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा हटत नाही. डब्याखाली ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही, गवत वाढतं. तेव्हा जे काम वर्कशॉप करत होतं त्याची व्यवस्था आधी लावायची आणि मग पडद्यांचा रंग निवडायचा.

आता डबा कोणता. आज बाद होणारे बहुतेक प्रवासी डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीचे, म्हणजे आपण ज्याला आयसीएफ म्हणतो ते आहेत. ती फॅक्टरी १९५५ मध्ये सुरू झाली, मूळ आराखडा स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, आणि या धाटणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. पोलादी डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षं असतं. त्यामुळे सध्या असे डबे भरपूर निघतात, आणि घेणाऱ्याला निवडीला वाव आहे. डब्याची लांबी २१.३ मीटर, रुंदी ३.२५ मीटर. साधा बिनवातानुकूलित डबा चाकांसकट ३७ टनांच्या आसपास भरतो.

तुमच्या मनात खरा जुना, आजोबांच्या काळातला डबा असेल तर तो आपल्या भागाच्या दृष्टीनं मीटर गेजचा. सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात बेळगाव-लोंढ्यावरून जी लाइन टाकायला घेतली ती एक मीटर रुंदीची होती, आणि मिरज-लोंढा-हुबळी पट्ट्यात नव्वदच्या दशकात गेज बदलेपर्यंत खानापूरच्या माणसानं तोच अरुंद, गडद विटकरी रंगाचा डबा पाहिला. तो पावणेतीन मीटर रुंद असतो, ब्रॉडगेजपेक्षा हलका, आणि झाडांमध्ये जास्त शोभतो. सागवानी बॉडीचे त्याहून जुने डबे बहुतेक संग्रहालयांतच उरले आहेत. ते बघायचे तर म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय आहे, आणि आता हुबळी स्टेशनजवळही आहे. मीटर गेजचा डबा विकत मिळणं मात्र नशिबाचा भाग आहे. त्याची वाट बघत दोन-तीन वर्षं घालवण्यापेक्षा चांगल्या खालच्या अंगाचा आयसीएफ डबा घेऊन त्याला जुना विटकरी रंग द्यावा असं माझं मत आहे. हे डबेही निळे होण्याआधी त्याच रंगात धावत होते. डबा त्या काळातला असेल तर दाराच्या कोपऱ्यात रंग खरवडल्यावर कधीकधी निळ्याखालून तो विटकरी थर निघतो. तो सापडला तर त्याचाच नमुना घेऊन रंग जुळवून घ्या.

साहेब लोकांच्या तपासणीचे सलून डबे कधीतरी विक्रीला येतात. मिळाला तर सोडू नका. त्यात झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकाची जागा, नोकरांची खोली असं घर मुळातच मांडलेलं असतं आणि तोडफोड फार कमी लागते.

विक्री रेल्वेच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर ई-लिलावानं होते. त्यासाठी नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरी लागते. तुम्हाला एकाच डब्यासाठी ही सगळी खटपट जड वाटत असेल तर नेहमी बोली लावणाऱ्या भंगारवाल्याकडून घेता येतो. तो आपला नफा लावणार, पण कागदपत्रं त्याची तयार असतात. दोन्हीकडे लॉटचं वर्णन शब्द न् शब्द वाचा. डब्याबरोबर चाकांचे सांगाडे, म्हणजे बोगी, आहेत का नुसती बॉडी आहे? आतली बाकं, पंखे, खिडक्या आधीच काढून घेतल्यात का? डबा अखंड नेता येणार की जागेवर कापून न्यायची अट आहे? माल "जसा आहे, जिथं आहे" असाच विकला जातो, मागाहून तक्रार चालत नाही. पैसे भरल्यानंतर ठरलेल्या मुदतीत उचलला नाही तर जागेचं भाडं चढतं. म्हणून ट्रेलरवाल्याशी आणि क्रेनवाल्याशी बोलणं बोलीच्या आधी झालेलं असावं. भावाचा अंदाज लोखंडाच्या टनावारी भावावरून येतो, कारण तुमच्यासमोर बोली लावणारा माणूस डबा वितळवायलाच घेत असतो. त्याच्यापेक्षा थोडं जास्त द्यावं लागेल, फार जास्त देण्याचं कारण नाही.

पाहणीला जाताना चांगली बॅटरी, पावशेराची हातोडी, एक मोठा स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक घेऊन जा. जुने कपडे घाला. डब्यात चढू नका, आधी खाली शिरा.

डब्याच्या दोन्ही बाजूंना खालून लांबच लांब जाणारा जो जाड पट्टा दिसतो तो सोलबार. डब्याची कंबर तीच. दोन सोलबारच्या मध्ये नागमोडी पन्हळीचा पत्रा असतो, त्याला आम्ही ट्रफ फ्लोअर म्हणतो. त्याच्यावर फळ्या आणि त्यावर तुमची फरशी. या पन्हळीतून पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती भोकं वर्षानुवर्षांच्या घाणीनं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा वरून खायला लागतो, खालून मात्र रंग शाबूत दिसतो. म्हणून स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायचं. चांगला पत्रा दाद देत नाही. खाल्लेला असेल तर टोक आत जातं आणि लालसर भुगा हातावर पडतो. हातोडीनं हलकं वाजवत सोलबारच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. सशक्त लोखंड खणखणतं, गंजानं पापुद्रे सुटलेलं लोखंड बद्द वाजतं. कान दहा मिनिटांत तयार होतो.

सर्वात वाईट जागा संडासाखालची. तिथं पाणी, मूत्र, ॲसिड यांचा मारा डब्याच्या जन्मापासून चालू असतो. दुसरी जागा दारांखालची आणि हात धुण्याच्या बेसिनखालची. तिसरी, बाजूचा पत्रा जिथं आत वळून सोलबारला भेटतो तो वाक, टर्न-अंडर. बाहेरून तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो आणि ते काम इतकं गुळगुळीत असतं की नजरेला काही कळत नाही. लोहचुंबक लावून बघा. पत्र्यावर तो चटकन बसतो, जाड लांबीवर सरकून पडतो. एका बाजूला चार-पाच ठिकाणी पडला तर तो डबा सोडून पुढचा बघा. संडासाखाली थोडं कुजलेलं असणारच, ते कापून नवा पत्रा बसवता येतो, त्याला घाबरू नका. पण सोलबार मधल्या भागात खाल्लेला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

डब्याच्या अंगावरचा पाच आकडी क्रमांक टिपून घ्या. पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. जुन्या डब्यांत बघायची आणखी एक गोष्ट आहे आणि ती गंभीर आहे. उष्णता आणि आवाज थोपवण्यासाठी पत्र्याच्या आतल्या बाजूला एकेकाळी ॲस्बेस्टॉसचा थर फवारला जायचा. पुढे त्याऐवजी काचलोकर आली. आतलं सनमायकाचं पॅनल उघडल्यावर करड्या रंगाचा, नमद्यासारखा भुसभुशीत थर दिसला तर तिथंच थांबा. गावातल्या पोरांच्या हाती खरवडणी देऊन तो कोरडा काढायला लावणं म्हणजे त्यांच्या फुप्फुसांशी खेळ आहे. त्याची धूळ पोटात नाही, छातीत बसते आणि रोग कित्येक वर्षांनी दिसतो. तोंडाला बांधलेल्या फडक्याचा काही उपयोग नाही. एक तर तो थर न हलवता पक्का झाकून टाकायचा, नाहीतर ही कामं करणाऱ्या अधिकृत माणसांकडून ओला करून काढायचा आणि घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावायची. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, तेव्हा रंग घासतानाही खरी श्वसनजाळी हवी आणि लहान मुलं लांब हवीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण डबा घेण्याआधी करायचं काम ते हेच. "चाकांवरचा डबा आहे, इमारत नाही, परवानगी कशाला" असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यावर जाऊ नका. शेतजमिनीचा वापर तुम्ही व्यवसायासाठी बदलताय, आणि त्याला कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून एन.ए., म्हणजे बिगरशेती, करून घ्यावं लागतं. पूर्ण दोन एकर करायची गरज नाही, डबा, वाट, गाड्या लावायची जागा एवढ्यापुरती मोजणी करून घ्या. जमिनीचा पहाणी उतारा (सातबाऱ्यासारखा) कन्नडमध्ये असतो. त्यातला प्रत्येक रकाना जाणकाराकडून वाचून घ्या, जंगल खात्याची काही नोंद आहे का ते खास बघा. भीमगड अभयारण्य तुमच्या तालुक्यातच आहे आणि त्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात सर्व्हे नंबर येत असेल तर नियम वेगळे लागतात. जमीन रेल्वेच्या हद्दीला लागून असेल तर रेल्वेचं ना-हरकत पत्र घ्या. पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) आराखडा आधी दाखवा. तुम्ही तिथंच राहता म्हणून पर्यटन खात्याकडे होमस्टे म्हणून नोंदणीचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, त्याचा फायदा घ्या. विजेचं कनेक्शन हेस्कॉम या वीज कंपनीकडून वेगळं घ्या, घरच्या मीटरवरून तार ओढू नका. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवायची असते. फलकावर ६० टक्के कन्नड हवी असा २०२४ पासून कायदा आहे. उरलेल्या जागेत मराठी नाव छान बसतं, फलक करतानाच तसं मोजून घ्या म्हणजे दुसऱ्यांदा खर्च नाही.

वाहतूक हा मोठा खर्च, आणि लोक नेमका तोच धरत नाहीत. रस्त्यावरच्या साध्या वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते, डबा त्याहून बराच रुंद. म्हणजे जादा मापाच्या मालाची खास परवानगी, लो-बेड ट्रेलर, पुढे-मागे इशारा गाडी, आणि बहुधा ठरलेल्या वेळेतच प्रवास. बॉडी आणि बोगी वेगवेगळ्या आणायच्या. प्रत्येक बोगी सहा टनांच्या आसपास असते, ती साध्या ट्रकवर येते. हुबळीहून आणायचा तर धारवाड-अळणावर-लोंढा हा रस्ता जवळचा, पण वळणं आणि झाडं पाहता मी धारवाड-कित्तूर-बेळगाव-खानापूर असा महामार्गाचा लांबचा रस्ता घेईन. कुठलाही घ्या, आधी मोटारीतून मोजपट्टी घेऊन जाऊन या. विजेच्या तारा, झुकलेल्या फांद्या, गावातल्या कमानी, रेल्वे फाटकाजवळची उंचीची चौकट, या एकेका ठिकाणी ट्रेलर रात्रभर अडकू शकतो. आणि शेवटचे दोनशे मीटर, म्हणजे डांबरी सोडून तुमच्या शेतात शिरायचं वळण, ते सगळ्यात अवघड. एकवीस मीटरचा माल वळायला किती जागा लागते ते ट्रेलरवाल्याला प्रत्यक्ष जागेवर आणून दाखवा. त्यासाठी काजूची दोन झाडं जाणार असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

उतरवताना दोन क्रेन लागतात, दोन्ही टोकांना एकेक, आणि साखळी डब्याच्या अंगाला न लागता आडव्या बीममधून खाली गेली पाहिजे. उचलायच्या जागा सोलबारखाली मुद्दाम ठेवलेल्या असतात, तिथूनच उचलायचं. मधोमध पट्टा टाकून उचलणारा क्रेनवाला असेल तर त्याला परत पाठवा.

आता डबा कशावर ठेवायचा. बोगीसकट मिळाला असेल तर खरे रूळ टाका. जुने रूळ आणि सिमेंटचे स्लीपर भंगारात मिळतात, खाली खडी. तुमची माती लाल, खाली मुरूम आणि जांभा, पाणी झिरपून जातं, त्यामुळे फूट-दीड फूट खोदून मुरूम धुम्मस करून त्यावर खडी पुरते. हाच डबा चिकोडी-बैलहोंगलकडच्या काळ्या रानात असता तर मी वेगळं सांगितलं असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि डबा एका बाजूला कलतो, तिथं पाया खोल न्यावा लागतो. बॉडी नुसतीच आली असेल तर चार काँक्रीटचे खांब. त्यांची जागा अंदाजानं ठरवू नका. या डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.७८ मीटर असतं, आणि डब्याचं वजन बोगीच्या मधल्या खुंटीवर नसतं, तिच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून १.६ मीटर अंतरावर असलेल्या साइड बेअररवर, म्हणजे बाजूच्या टेकूंवर येतं. तेच चार बिंदू वजन घ्यायला जन्मलेले आहेत. खांब बरोबर त्यांच्याच खाली यायला हवेत. ट्रफ फ्लोअरखाली कुठंही विटांचे ढीग लावून डबा टेकवला की पत्रा दबतो, पन्हळीत पाणी साचतं आणि दारं बसेनाशी होतात. बोगीवर ठेवलात तरी चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर मारून वर वेल्ड केलेला अडसर हवा.

डब्याखाली माणूस वाकून फिरू शकेल एवढी जागा राहू द्या. दरवर्षी पावसाआधी तिथं शिरून खरवडणं, रेड ऑक्साइड आणि वर इपॉक्सी रंग मारणं, भोकं मोकळी करणं हे काम तुमच्या घरातल्या कुणीतरी शिकून घ्यावं. खाली जमीन उताराची करून जांभ्याचे चिरे बसवा म्हणजे गवत उगवणार नाही. पण बाजूनं विटांची भिंत घालून ही जागा बंद करू नका, वारा खेळला पाहिजे. बारीक लोखंडी जाळी लावा. जाळी पाहुण्यांना दिसत नाही, पण पावसात कोरड्या जागेच्या शोधात येणारी घोणस, कांडर तिथंच अडते. आणि खालून वर येणारी वाळवी बघत जा, जुन्या फळ्या तिला फार आवडतात.

पायाइतकंच महत्त्वाचं वरचं छप्पर. डब्याला स्वतःचं छत आहे, मग आणखी कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. डब्याच्या छताचा पत्रा पातळ, एप्रिलच्या उन्हात आतली हवा तापवतो आणि पावसात त्याच्या सांध्यातून कधी ना कधी पाणी शिरतंच. शिवाय श्रावणात आतली ऊबदार दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी सुटतं, ते गळतीसारखं दिसतं आणि लोक छतावर डांबर ओतत बसतात. वर दोन-अडीच फूट मोकळी जागा सोडून लोखंडी कैच्यांवर स्वतंत्र शेड घाला. खानापुरात कौलं मिळतात, ती चढवलीत तर पावसाचा आवाजही सौम्य होतो आणि जुन्या स्टेशनाची कळा येते. शेड डब्यापेक्षा प्रत्येक बाजूला निदान मीटरभर जास्त हवी, आणि एका अंगाला अडीच-तीन मीटर वाढवलीत तर खाली फलाटासारखी पडवी निघते. पाहुणा खरा वेळ तिथंच काढणार आहे. डब्याच्या छतावरचे मूळ झरोके बुजवू नका, जाळी लावून चालू ठेवा. एवढं केल्यावर आत काचलोकर भरून पॅनल लावलीत तर आपल्या हवेत पंख्यावर भागतं, एसी मे महिन्यापुरता.

चार खोल्यांचा विचार मात्र सोडा. शयनयान डब्यात नऊ कप्पे असतात. त्यातले दोन-दोन कप्पे जोडून एक खोली केली तर ती साधारण साडेतीन बाय तीन मीटरची होते, त्याला स्वतःचं न्हाणीघर हवं, वाट हवी. दोन ऐसपैस खोल्या, दोन्ही टोकांना न्हाणीघरं, आणि मध्ये एक कप्पा जसाच्या तसा ठेवा. तिन्ही बर्थ, साखळ्या, खिडकीजवळची घडीची फळी, सगळं. मुलं तिथं रात्री जागतात आणि घरी जाऊन सांगतात ते त्याच कप्प्याचं. मूळ बर्थवर मोठ्या माणसाला दोन रात्री झोपवू नका, खोलीत नीट पलंग द्या. खिडकीच्या काचेच्या आणि झडपांच्या दोन्ही सरकत्या चौकटी दुरुस्त करून ठेवा, अॅल्युमिनियमच्या नव्या खिडक्या बसवल्या की डबा डबा राहत नाही. धोक्याची साखळी ठेवा आणि तिला घंटा जोडा. रात्री कुणाला मदत हवी असेल तर तिचा खरा उपयोग होतो.

विजेबाबत कुणी काही म्हणो, हे तेवढं ऐका. तुमचे पाहुणे लोखंडी खोलीत झोपणार आहेत. जुनं वायरिंग पूर्ण काढून टाका. डब्यातले पंखे आणि दिवे ११० व्होल्ट डीसीवर चालतात, काही जुन्या डब्यांत २४ व्होल्टवर. घरच्या २३० व्होल्टला जोडले की जळतात. ते जाळीदार पंखे वापरायचे असतील तर योग्य ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर बसवा किंवा मोटर नव्यानं गुंडाळून घ्या. नवं वायरिंग पाइपातून, प्रत्येक खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), आणि डब्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र अर्थिंग. रुळांवर उभा आहे म्हणजे अर्थ मिळाला असं समजू नका. एप्रिल-मे मध्ये वळिवाच्या विजा आपल्याकडे किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको; शेडवर वीजवाहक बसवा.

आगीचं तेवढंच. स्वयंपाकघर आणि गॅसची टाकी डब्याबाहेर. जुना फोम आणि रेक्झिन काढून टाका. दोन्ही टोकांची दारं आतून सहज उघडली पाहिजेत आणि संकटकालीन खिडकी खरोखर उघडते का ते दर महिन्याला बघा.

संडासांचा मूळचा निचरा रुळांवरच होता, तो सेप्टिक टाकीला जोडायचा. टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उताराच्या बाजूला. न्हाणीघराची फरशी स्टेनलेस स्टीलच्या एकसंध तबकडीवर करा, कडा भिंतीवर वीतभर चढवलेल्या. टाइल्सच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी थेट ट्रफ फ्लोअरवर जातं आणि वर सांगितलेला रोग पुन्हा सुरू होतो. मला विचाराल तर न्हाणीघरं डब्याला चिकटून बाहेर, शेडखाली बांधावीत आणि दारातून जोडावीत. दिसायला थोडं कमी, पण डबा वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तिथं मोकळेपणानं वावरता येतं. पायऱ्यांचाही विचार त्यांच्यासाठीच करा: डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटर वर असते, पडवीचा ओटा तीन फूट उंच केलात तर पुढे दोनच पायऱ्या उरतात.

जागेचं म्हणाल तर गुंजी चांगली आहे. हलशीचं कदंबकालीन मंदिर, जांबोटीकडचा वज्रपोहा धबधबा, दांडेली, कॅसलरॉक, सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. लोंढा लाइनवरच्या गाड्यांचा आवाज रात्री येणार. तो पाहुण्यांपासून लपवू नका, जाहिरातीतच लिहा. ज्याला रेल्वे आवडते तोच तुमच्याकडे येणार आहे. फक्त रात्री झाडांवर दिव्यांच्या माळा आणि स्पीकर नको. त्या पट्ट्यात अस्वलं आहेत, हत्तीही फिरतात, आणि शेजारच्या शेतकऱ्याला त्यांच्याशी तुमच्या पाहुण्यांपेक्षा जास्त सामना करावा लागतो.

कामाचा क्रम मी असा लावीन. एन.ए. आणि पंचायतीचं काम आत्ता सुरू करा, त्याला लागेल तेवढा वेळ लागतोच. डबे बघायला ऑक्टोबरमध्ये जा, कारण पावसाळा संपल्या संपल्या गळती आणि गंज लपत नाहीत. पाया डिसेंबरपर्यंत, डबा जानेवारी-फेब्रुवारीत, जमीन टणक असताना आणि क्रेनचे पाय रुतणार नाहीत अशा वेळी. खालचं लोखंडकाम आणि रंग मार्चमध्ये, शेड एप्रिलअखेर. वळिवाच्या आधी शेड उभी राहिली की आतलं सुतारकाम भर पावसातही चालू ठेवता येतं आणि दिवाळीच्या सुट्टीला पहिले पाहुणे घेता येतात. पाहणीची तारीख ठरली की लॉटचं वर्णन आणि डब्याचा क्रमांक लिहून कळवा, त्यावरून कुठल्या जागा जास्त बारकाईनं टोचून बघायच्या ते सांगेन.